गोऱ्हा की कालवड? उत्तर शोधणाऱ्या स्टीव्हन्सबाई

कंधारला लागून असलेल्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. दर्शन उरकले की शेतकऱ्यांचे पाय आपोआप जनावरांच्या बाजाराकडे वळतात. गडद लाल रंगाची, मध्यम बांध्याची, थोड्या चाऱ्यावर भागवणारी आणि उन्हाला न डगमगणारी लाल कंधारी जनावरे हा या बाजाराचा मान. वळू पारखणारा माणूस आधी वशिंड बघतो, पाय बघतो, चाल बघतो; मग मागच्या बाजूला जाऊन वृषण बघतो. दोन्ही सारखे आहेत का, खाली नीट उतरलेले आहेत का. पुढची वासरे कशी होणार याची अर्धी जबाबदारी या जनावरावर आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

गोठ्यात हा हिशेब पक्का असतो. घरात मात्र तो अनेकदा उलटा होतो. दुसरी, तिसरी मुलगी झाली की बोट सुनेकडे वळते. तिला अंगारे लागतात, उपास लागतात, कुठल्या तरी वैदूची पुडी लागते. काही घरांत नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुजही सुरू होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. सगळ्या महाराष्ट्रात ८९४. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या २८५ मुलींचे सरकारी कार्यक्रमात नव्याने बारसे झाले.

मुलगा की मुलगी हे कुठे ठरते, याचा निकाल लागून मात्र शंभरावर वर्षे झाली आहेत. ते ठरते बापाच्या वृषणात, शुक्राणू तयार होताना पेशी ज्या विशिष्ट पद्धतीने दुभंगते त्या क्षणी. याचा स्पष्ट पुरावा एका सुताराच्या मुलीने पिठातल्या अळीच्या वृषणात पाहिला. तिचे नाव नेट्टी मारिया स्टीव्हन्स.

नेट्टीचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावी झाला. वडील एफ्राइम सुतारकाम करीत. नेट्टी लहान असतानाच आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्डला राहायला आले. घरची स्थिती हलाखीची नव्हती; वडिलांनी नेट्टी आणि तिची बहीण एमा या दोघींनाही शाळेत घातले आणि शिकू दिले. दोघीही हुशार निघाल्या. १८८० मध्ये नेट्टीचे शालेय शिक्षण पूर्ण झाले.

त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे मोजक्याच वाटा असत, त्यातली सर्वांत मळलेली वाट शिक्षिकेची. नेट्टीनेही तीच धरली. न्यू हॅम्पशायरमध्ये तिने लॅटिन, इंग्रजी, गणित, शरीरशास्त्र, प्राणिशास्त्र असे जे समोर येईल ते शिकवले. मध्ये वेस्टफील्डच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत जाऊन चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपवला, तोही वर्गात वरचे गुण मिळवून. पुन्हा शाळा, पुन्हा वर्ग, काही काळ ग्रंथपालाचे काम. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात. त्या अर्थाने स्टीव्हन्स या पुढची बारा-तेरा वर्षे गावोगावच्या बाईच होत्या. त्या पगारातून त्या पैसे मात्र बाजूला टाकत गेल्या.

१८९६ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, स्टीव्हन्सबाईंनी देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात नव्याने सुरू झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातले. बरोबरचे विद्यार्थी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. १८९९ मध्ये पदवी, १९०० मध्ये एम.ए. उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत त्या एकपेशीय जीवांचा अभ्यास करत. सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक गोष्ट न थकता पाहायची आणि जशी दिसली तशीच कागदावर उतरवायची, ही सवय तिथे लागली. पुढे सगळे या सवयीवरच उभे राहिले.

तिथून त्या पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात आल्या. हे महाविद्यालय छोटे, पण जीवशास्त्रात त्याचा दबदबा होता. एडमंड विल्सन हे पेशीशास्त्राचे मोठे अभ्यासक काही वर्षे तिथे शिकवून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. त्यांच्या जागी थॉमस हंट मॉर्गन होते. स्टीव्हन्सबाईंनी मॉर्गन यांच्याकडे संशोधन केले. शिष्यवृत्ती मिळून त्या युरोपलाही गेल्या: नेपल्सचे सागरी प्राणिशास्त्र केंद्र आणि जर्मनीतील व्यूर्ट्झबर्गला थिओडोर बोव्हेरी यांची प्रयोगशाळा. गुणसूत्रे म्हणजे पेशी दुभंगताना दिसणारे नुसते काड्यांचे तुकडे नाहीत, प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे आहे, हे बोव्हेरी यांनी समुद्री साळूच्या अंड्यांवर दाखवत आणले होते. १९०३ मध्ये स्टीव्हन्सबाईंना डॉक्टरेट मिळाली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

लिंग कसे ठरते याबद्दल त्या वेळी विद्वानांतही गोंधळच होता. युरोपातले नामवंत अभ्यासक सांगत की आईला सकस अन्न मिळाले तर मुलगी आणि उपासमार झाली तर मुलगा होतो. कोणी तापमान म्हणे, कोणी आईबापांचे वय. अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी बापाच्या शरीरातील उष्णतेला मान दिला होता. आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत सम रात्री आणि विषम रात्रीचा हिशेब आहे, शुक्र जास्त की आर्तव जास्त याचाही आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. गर्भ राहताना किंवा राहिल्यानंतर काहीतरी करून लिंग इकडचे तिकडे करता येईल, असे सगळेच धरून चालले होते. म्हणजे करणारी आणि चुकणारी बहुतेक वेळा आईच.

काही धागे मात्र वेगळीकडे जात होते. १८९१ मध्ये हेरमान हेंकिंग या जर्मन अभ्यासकाला एका लाल ढेकणाच्या शुक्राणूंत विचित्र प्रकार दिसला: अर्ध्या शुक्राणूंत एक गडद ठिपका जास्त, अर्ध्यांत तो नाहीच. तो काय आहे हे न कळल्याने त्याने त्याला एक्स असे नाव दिले, गणितातल्या अज्ञात राशीसारखे. पुढे १९०१-०२ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स मॅक्क्लंग याने सुचवले की हे जादा गुणसूत्र लिंगाशी संबंधित असावे. कल्पना बरोबर, पण त्याने दिशा उलटी धरली; त्याच्या मते ते नर घडवणारे होते. मादीच्या पेशी कोणी नीट मोजल्या असत्या तर ही चूक लगेच उघडी पडली असती.

इथे स्टीव्हन्सबाई आल्या. पण त्याआधी पैशाचा प्रश्न होता. पोटासाठी पूर्ण वेळ शिकवायचे तर संशोधनाला वेळ राहत नाही, आणि संशोधन करायचे तर पगार नाही. त्यांनी वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेकडे अर्ज केला. मॉर्गन आणि विल्सन या दोघांनीही शिफारस केली आणि १९०४ च्या सुमारास मदत मंजूर झाली. मावा या किडीच्या बीजपेशींवरील निबंधाला १९०५ मध्ये स्त्री संशोधकांसाठी असलेले एक हजार डॉलरचे पारितोषिकही मिळाले. ती रक्कम तेव्हा मोठी होती.

त्याच वर्षी प्रसिद्ध झाला शुक्राणूंच्या घडणीवरचा त्यांचा निबंध. यात अनेक कीटक होते, पण त्यातला एकच इतिहासात राहिला. टेनेब्रिओ मोलिटर हा काळा भुंगेरा; त्याच्या पिवळसर अळ्या पिठात आणि कोंड्यात वाढतात. घरात पाळायला सोपा, वर्षभर मिळणारा, कोणाला नको असलेला प्राणी. स्टीव्हन्सबाई नराचे वृषण काढायच्या, द्रावणात घट्ट करायच्या, मेणात बसवून त्याचे अगदी पातळ काप काढायच्या आणि रंग द्यायच्या. मग सूक्ष्मदर्शकावर बसून दुभंगत असलेली एकेक पेशी शोधायची, तिच्यातली गुणसूत्रे मोजायची, त्यांची लांबी ताडून पाहायची आणि हाताने चित्र काढायचे. एका कापात हव्या त्या अवस्थेतली पेशी सापडेलच याची खात्री नाही. सापडली तरी गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली असतात. हे काम शेंगा सोलण्यासारखे आहे, फक्त शेंग डोळ्यांना दिसत नाही.

नराच्या शरीरपेशींत त्यांना वीस गुणसूत्रे मिळाली: एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. त्यांनी मादीच्या पेशीही मोजल्या, आणि खरी मेख तिथे होती. मादीतही वीसच, पण वीसच्या वीस मोठी. मग शुक्राणू पाहिले. त्यात प्रत्येकी दहाच गुणसूत्रे, कारण बीजपेशी तयार होताना संख्या निम्मी होते. मात्र अर्ध्या शुक्राणूंत दहाही मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत नऊ मोठी व एक लहान. मादीच्या अंड्यांत नेहमी दहा मोठीच असणार, हे उघड होते. आता बेरीज शाळकरी मुलालाही करता येते. मोठे गुणसूत्र घेऊन आलेला शुक्राणू अंड्याला मिळाला तर वीस मोठी, म्हणजे मादी. लहान घेऊन आलेला मिळाला तर एकोणीस मोठी आणि एक लहान, म्हणजे नर. अन्न नाही, तापमान नाही, तिथी नाही.

पुढे मोठ्याला एक्स आणि लहान्याला वाय ही नावे पक्की झाली.

वृषणात नेमके काय घडते ते समजायला पुन्हा माळेगावच्या वळूकडे यावे लागेल. लाल कंधारी वळूच्या प्रत्येक शरीरपेशीत साठ गुणसूत्रे असतात: एकोणतीस जोड्या, अधिक एक्स आणि वाय. वृषण म्हणजे आत गुंडाळून ठेवलेल्या बारीक नळ्यांचा गुंता. नळीच्या भिंतीला लागून मूळ पेशी बसलेल्या असतात आणि त्या सतत साध्या पद्धतीने दुभंगत राहतात. त्यातल्या काही पेशी नळीच्या पोकळीकडे सरकू लागतात आणि अर्धगुणसूत्री विभाजनाची तयारी करतात.

आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. मग आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले गुणसूत्र आपापला जोडीदार शोधून शेजारी येतात, लांबीभर एकमेकांना चिकटतात आणि काही तुकड्यांची अदलाबदल करतात. सख्ख्या भावांचे चेहरे वेगळे असतात त्याचे एक कारण ही अदलाबदल आहे. एक्स आणि वाय यांची अडचण अशी की ते जोडीदार असले तरी सारखे नाहीत. एक्स लांब, वाय आखूड. ते फक्त टोकाच्या एका लहानशा भागात एकमेकांना धरतात. बाकीचा भाग पेशी तेवढ्या काळापुरता बंद करून केंद्रकाच्या एका कडेला आवळून ठेवते. सूक्ष्मदर्शकाखाली तो गडद ठिपक्यासारखा दिसतो.

त्यानंतर पहिले विभाजन. जोडीदार वेगळे होतात. एका पेशीत एक्स जातो, दुसरीत वाय. इथे लिंगाचा निकाल लागला. दुसऱ्या विभाजनात नकला सुट्या होतात आणि एका पेशीच्या चार होतात: दोन एक्सवाल्या, दोन वायवाल्या. या चारही पेशी अजून बारीक पुलांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि आतला ऐवज वाटून घेतात. म्हणूनच तयार शुक्राणूंकडे नुसते बघून कोणता एक्सचा आणि कोणता वायचा हे ओळखणे जवळपास अशक्य असते. शेवटी त्यांना डोके येते, शेपटी येते, पूल तुटतात आणि शुक्राणू नळीत सुटतात. मूळ पेशीपासून इथपर्यंतच्या प्रवासाला वळूत साधारण एकसष्ट दिवस लागतात, माणसात चौऱ्याहत्तरच्या आसपास. माणसात गुणसूत्रे शेहेचाळीस. बाकी क्रम हाच.

स्त्रीच्या बाजूला ही निवडच नसते. तिच्याकडे दोन्ही एक्स, त्यामुळे प्रत्येक अंडपेशीत एक्सच जातो. तिच्या बीजपेशींचे हे विभाजन ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबून वर्षानुवर्षे वाट पाहते. पुरुषात मात्र ते वयात आल्यावर सुरू होते आणि रोज कोट्यवधी पेशींत चालू राहते. त्यात पुरुषाच्या इच्छेलाही काही स्थान नाही. दोन्ही प्रकारचे शुक्राणू जवळपास सारख्याच संख्येने तयार होतात, त्यामुळे प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. तीन मुले असलेली आठ घरे घेतली तर त्यातल्या एका घरी तिन्ही मुली असणे हा साधा हिशेब आहे. त्या घरातल्या बाईत काही कमी आहे म्हणून ते झालेले नसते.

स्टीव्हन्सबाईंच्या निबंधाच्या वेळीच विल्सन हेही ढेकूणवर्गीय कीटकांवर काम करून याच निष्कर्षाशी येत होते. दोघांचे काम स्वतंत्र होते आणि दोघांनी एकमेकांची दखलही घेतली. तरी फरक होता. विल्सन यांनी बाहेरच्या परिस्थितीला थोडी जागा ठेवली होती. स्टीव्हन्सबाईंनी गुणसूत्रांच्या बाजूने अधिक ठामपणे मत दिले. विल्सन मात्र नावाजलेले प्राध्यापक होते, पाठ्यपुस्तकाचे लेखक होते. नंतरच्या कित्येक पुस्तकांत या शोधाशी एकट्या विल्सन यांचेच नाव राहिले. मॉर्गन यांना तर सुरुवातीला हे पटलेच नव्हते. गुणसूत्रांवर इतका भार टाकण्याबद्दल ते साशंक होते. १९१० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या डोळ्यांची एक नर फळमाशी निपजली आणि तो गुण एक्स गुणसूत्राबरोबर चालतो असे दिसले, तेव्हा ते वळले. आनुवंशिकतेत गुणसूत्रांचे काम काय, यासाठी त्यांना १९३३ चे नोबेल मिळाले.

स्टीव्हन्सबाई दरम्यान एका किड्यावर थांबल्या नव्हत्या. एकाच प्राण्यात दिसलेली गोष्ट अपवाद असू शकते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी पन्नासच्या आसपास जातींचे भुंगेरे पाहिले, माशा पाहिल्या, फळमाशीही पाहिली. बहुतेकांत तीच गोष्ट: लहान आणि मोठ्याची विषम जोडी, किंवा मोठे एकटेच. १९०८-०९ मध्ये त्या पुन्हा बोव्हेरींकडे जाऊन आल्या. नंतर डासांची गुणसूत्रे झाली, गिनीपिगची झाली. अवघ्या अकराएक वर्षांत त्यांचे चाळीसच्या घरात निबंध निघाले. हुद्दा मात्र ब्रिन मॉरमधला दुय्यम अध्यापकाचाच राहिला. महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी अखेर त्यांच्यासाठी खास संशोधन-प्राध्यापकाचे पद निर्माण केले. शिकवण्याच्या ओझ्याशिवाय फक्त सूक्ष्मदर्शकापुढे बसता येईल असे ते पद होते.

त्या पदावर त्या कधीच रुजू झाल्या नाहीत. स्तनाच्या कर्करोगाने ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय पन्नास. वेस्टफर्डला त्यांना मूठमाती देण्यात आली. मॉर्गन यांनी लिहिलेल्या मृत्युलेखात त्यांच्या अचूकपणाचे आणि चिकाटीचे मनापासून कौतुक आहे. पाहिले त्याच्या पलीकडे फारसे न जाणारी सावध अभ्यासक, असेही त्यात सुचवले आहे. लिंगनिश्चितीच्या प्रश्नात मात्र याच सावध बाईंनी मॉर्गन यांच्या पाच वर्षे आधी उडी घेतली होती. ज्या वेस्टफील्डच्या शाळेत त्यांनी दोन वर्षांत अभ्यासक्रम संपवला होता, तिचे आता विद्यापीठ झाले आहे. तिथल्या विज्ञानाच्या इमारतीला २०१७ मध्ये त्यांचे नाव दिले गेले.

माणसाबद्दलचा पुरावा यायला वेळ लागला. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी पुरुषाच्या वृषणातील पेशींत एक्स-वाय जोडी दाखवली, पण एकूण संख्या चुकून अठ्ठेचाळीस मोजली. ती चूक तेहतीस वर्षे पुस्तकांत राहिली. १९५६ मध्ये शेहेचाळीस हा आकडा पक्का झाला. १९५९ मध्ये दोन एक्स आणि एक वाय असलेल्या पुरुषांचा अभ्यास झाला आणि वाय असेल तर शरीर पुरुषाचे घडते हे कळले. १९९० मध्ये वायवरचा नेमका जनुकही सापडला.

दोन एक्स आणि एक वाय ही स्थिती येते ती अर्धगुणसूत्री विभाजनातल्याच चुकीतून. पहिल्या विभाजनात एक्स आणि वाय वेगळे झालेच नाहीत आणि दोन्ही एकाच शुक्राणूत गेले, तर मुलगा असा जन्मतो. कधी ही चूक आईच्या अंडपेशीतही होते. साधारण सहाशे मुलांत एक असा असतो आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केली की समजते. काही पुरुषांत विभाजन अर्ध्यावरच अडते. वृषणांचा आकार ठीक, संप्रेरके ठीक, लैंगिक जीवन ठीक, पण वीर्यात शुक्राणू शून्य. बाहेरून काहीच कळत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत सुमारे निम्म्या वेळी पुरुषाच्या बाजूने काही ना काही कारण असते. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. तरीही बायकोच्या सोनोग्राफी, दुर्बीण, गोळ्या होऊन गेल्यावर कधीतरी नवऱ्याची पाळी येते, हा क्रम उलटा व्हायला हवा.

वृषण शरीराबाहेर का लोंबतात, याचेही उत्तर याच विभाजनात आहे. त्याला शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. जोडीदार शोधत असलेल्या पेशी उष्णतेला सर्वांत आधी बळी पडतात. जोराचा ताप येऊन गेला, भट्टीसमोर रोजचे काम असले, तर शुक्राणूंची संख्या घटू शकते. ती घट त्याच दिवशी नव्हे, काही आठवड्यांनी दिसते, कारण त्या दिवशी बिघडलेली पेशी शुक्राणू होऊन बाहेर यायला तेवढा काळ जातो. म्हणून तापानंतर अहवाल खराब आला तर अडीच-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. मे महिन्यात उन्हात बांधून ठेवलेल्या वळूचेही असेच होते. सावली आणि पाणी हा त्याच्यावरचा उपकार नाही, पुढच्या वासरांची तजवीज आहे.

लाल कंधारीच्या वायचीही एक खूण आहे. गुणसूत्राला एक आवळलेली जागा असते, विभाजनाच्या वेळी तिथे धरून ते ओढले जाते. वशिंड असलेल्या देशी गोवंशाच्या वायमध्ये ही जागा अगदी टोकाला असते. जर्सी, होल्स्टीनसारख्या परदेशी गोवंशात ती मध्याकडे सरकलेली असते. वाय बापाकडूनच मुलाला मिळत असल्याने, संकरित वळूच्या रक्ताचा थेंब तपासून त्याचा बापाकडचा वंश देशी की परदेशी हे सांगता येते. बाजारात वळू शुद्ध लाल कंधारी म्हणून दाखवला जातो तेव्हा रंग फसवू शकतो. वाय निदान बापाच्या बाजूबद्दल फसवत नाही.

नांगर होता तोवर शेतकऱ्याला गोऱ्हा हवा असे. ट्रॅक्टर आला, दुधाचा भाव महत्त्वाचा झाला आणि कालवडीची किंमत वाढली. आता लिंग निवडलेल्या वीर्याच्या कांड्या मिळतात. एक्स मोठा असल्याने एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो. शुक्राणूंना डीएनएला चिकटणारा रंग देतात आणि एकेकाला लेसरच्या झोतासमोरून नेतात. जास्त चमकला तो एका बाजूला, कमी चमकला तो दुसऱ्या. स्टीव्हन्सबाई डोळ्यांनी मोजत होत्या तो मोठ्या-लहानाचा फरक आता यंत्र मोजते. अशा कांडीतून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. उरलेले गोऱ्हे यंत्राची चूक म्हणून येतात.

माणसाच्या शुक्राणूंतही असा फरक आहे, फक्त थोडा कमी, तीन टक्क्यांच्या जवळपास. ते वेगळे करण्याची तंत्रे परदेशांत निघालीही. गर्भलिंगतपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला. २००३ मध्ये त्यात दुरुस्ती करून गर्भ राहण्याआधीची निवडही बंद करण्यात आली, म्हणजे शुक्राणू वेगळे करणेही. मुलगा होण्याची हमी देणारी जाहिरात करणे हासुद्धा या कायद्याने गुन्हा आहे.